दारात आलेला वानवळा

गंगापूर रोड, नाशिक
१२ जानेवारी २०२६, दुपार

अक्का,

नमस्कार.

वाल्मीकला रागावू नका. गाडी मुंबईच्या मार्केटला उशिरा पोचली आणि तुमची कोथिंबीर मलूल झाली, याला कारण मी आहे आणि थोड्या तुम्हीही आहात. तो बिचारा माझ्या गेटबाहेर खांबाच्या दिव्याखाली हात वर करून उभा होता. हात वर कर असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्याने आपणहून केलं.

फोन करून हे सगळं सांगता आलं असतं. पण फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला बिनसतं. कागदावर मला कोणी मध्ये तोडत नाही. वाल्मीक मुंबईहून रिकामी गाडी घेऊन परतताना हे पत्र नेईल. तुमच्या डोळ्यांमुळे नानाच ते वाचून दाखवणार, हेही मी धरून चालले आहे. तेव्हा नाना, तुम्हालाही नमस्कार. थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी साडेचार वर्षं एक शब्द बोलू नये, याला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही. नमस्कार घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अक्का, तुम्ही फोनवर आलात त्याआधी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

काल मध्यरात्र झाली होती. बेल वाजली. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. रात्रीच्या बेलला उठायची मला सवय आहे आणि दार न उघडायचीही. आतला दिवा लावला नाही. बाहेरचा लावला आणि खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. माकडटोपी, अंगावर शाल, खांद्यावर पोतं.

"कोण आहे?"

"काकू, मी वाल्मीक. कळवनहून आलोय. मालनअक्कांनी वानवळा दिलाय."

तेव्हाच मला कळलं, हा माणूस खोटं बोलतोय. तुमच्या शेतात काही नवीन निघालं की आमचा वाटा आधी नाशिकला यायचा, पण हे गेल्यापासून तो बंद आहे. शेंगा नाहीत, हुरडा नाही, आंबाही नाही. बंद केल्याचं तुम्ही कळवलं नाही, मी विचारलं नाही. आणि आज अचानक मध्यरात्री वानवळा? कोणीतरी आपल्या घरची नावं काढून आलाय, असंच मला वाटलं.

घरात बाई एकटी आहे हे बाहेरच्याला कळू द्यायचं नाही, हे मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. म्हणून आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अहो, उठा जरा. कोणीतरी आलंय."

बाहेरून हा म्हणतो, "काकू, साहेब तर वारले ना? अक्का म्हनल्या, काकू एकट्याच ऱ्हातात, हळू हाक मार."

अक्का, म्हणजे याला सगळं माहीत आहे! मी ११२ ला फोन लावला आणि खिडकीतून सांगितलं, "पोलीस येतायत."

"येऊ द्या की. मी हाय हितंच. नुसतं पोतं तेवढं आत घ्या, गाडीत माल सुकतोय."

"आधी गेटच्या बाहेर हो. दिव्याखाली उभा राहा, मला दिसेल असा."

"हा बघा ऱ्हायलो."

"येण्याआधी फोन का नाही केलास?"

"अक्का म्हनल्या, फोन करू नको. फोन केला का ती नको म्हननार. थेट दारात नेऊन दे, दारातला वानवळा कोनी माघारी लावत नाय."

हे इतकं तुमचं बोलणं आहे, की तिथेच माझा विश्वास बसायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही.

पोलीस लवकर आले. दोघं होते, त्यातली एक आशा नावाची पोरगेली हवालदार. तिने वाल्मीकचं लायसन्स पाहिलं, गाडीत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "मॅडम, या मालनबाई कोण?"

"माझी जाऊ."

"मग त्यांनाच लावा ना फोन."

"मी लावणार नाही."

"का?"

"आमचं बोलणं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाल्मीककडे. "दादा, तुम्ही हात खाली घ्या आधी. आणि नंबर द्या."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण आमच्या बाजूने ते कसं ऐकू आलं ते सांगते. फोन स्पीकरवर होता. तुम्ही पहिलं विचारलंत, "कोन मेलं?"

"कोणी नाही आजी. नाशिकहून पोलीस बोलतेय."

"वाल्मीकनं गाडी ठोकली व्हय?"

"नाही. तो तुमच्या जावेच्या दारात उभा आहे. तुम्ही पाठवलंय त्याला?"

"म्यां नाय तर कोन? तिनं दार उघडलं का?"

"नाही. त्यांनी आम्हाला बोलावलं."

त्यावर मी मनाची तयारी केली. आता गावभर होणार, वानवळा घेऊन आलेल्या माणसाला हिने पोलिसांच्या हाती दिलं म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "बरं केलं. उघडायचंच नाय. एकटी असती ती. वाल्मीक, मुडद्या, तुला दिवसा जायला काय झालं व्हतं?"

"अक्का, तुम्हीच तर म्हनल्या..."

"गप."

त्या 'बरं केलं' बद्दल मी तुमची ऋणी आहे. रात्री काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते. तुमच्या मागे कोणीतरी खोकलं. नाना जागे होते. बोलले नाहीत.

पोतं उघडलं. घाटे, बोरं, गाजरं, वालाच्या शेंगा, बाजरीचं पीठ आणि फडक्यात बांधलेले तीळ. भोगीच्या भाजीचं सगळं, भोगीच्या आधी. आशाला ओंजळभर बोरं दिली. ड्यूटीवर असताना घेत नाही म्हणाली आणि घेतली.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मी एकटी राहते, साहेब वारले, हे कोणालाही सांगत जाऊ नका. वाल्मीक सज्जन निघाला, सगळेच निघतील असं नाही. आणि पुढच्या वेळी गाडी मुंबईहून परतताना, उजेडी पाठवा.

पुढच्या वेळी असं लिहिलं खरं. पुढची वेळ येणार की नाही हे मला कुठे माहीत आहे? हा वानवळा नानांना सांगून पाठवलात की त्यांच्या मागे, तेवढं कळवा. मागे पाठवला असेल तर मी परत करणार नाही, पण पुन्हा पाठवूही नका. माझ्यासाठी तुमच्या घरात भांडण नको.

मंजुषा


१५ जानेवारी २०२६

अक्का,

तुमचं उत्तर वाल्मीकने तोंडी पोचवलं: "माझ्या घरातला वानवळा द्यायला मला कुनाची परवानगी लागत नाय." म्हणजे नानांच्या मागे पाठवला होतात. मला वाटलंच होतं.

वाल्मीककडून हेही कळलं की नानांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि "अक्षर चांगलं हाय" एवढंच म्हणाले. बरं. अक्षर चांगलं आहे तर आणखी वाचा.

भोगीची भाजी चांगली झाली. बाजरीची भाकरी तीळ लावून केली, एक फुगली नाही. समोरच्या स्नेहलकडे भाजी दिली. ती म्हणाली, काकू, हे घाटे आमच्या मार्केटमधले नाहीत. मी म्हटलं, नाहीतच. आमच्या घरचे आहेत. 'आमच्या घरचे' हा शब्द बऱ्याच दिवसांनी तोंडात आला. सोबत तिळगूळ पाठवते आहे. नानांच्या दातांना लागू नये म्हणून मऊ केला आहे.

इथून पुढचं नानांसाठी आहे. अक्का, तुम्ही ऐका.

नाना, कोरोनातल्या त्या मे महिन्यातल्या रात्रीबद्दल आपण कधी बोललो नाही. तुमचा भाऊ हॉस्पिटलातून परस्पर अमरधामला गेला. शेवटचं तोंड मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं नाही. मी तापाने फणफणलेली, घरात एकटी. लेक सायली पुण्यात अडकलेली. आणि तुम्ही नाकाबंदी चुकवत मोटारसायकलवर कळवणहून इथवर आलात. बेल वाजवलीत. मी दार उघडलं नाही. खिडकीतून ओरडले, तिथेच थांबा, आत येऊ नका.

तुम्ही म्हणालात, "माझ्या बहिरूचं तोंड तर नाय दावलं. कडू घास तरी घे माझ्या हातचा."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीने घरून आणायचं, समोर बसायचं आणि पहिला घास खायला लावायचा. तुम्ही तेवढ्यासाठी आला होतात. मी म्हटलं, गेटवर ठेवा आणि परत जा. तुम्ही डबा ठेवलात आणि गेलात. त्यानंतर तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. सायलीच्या लग्नाला आला नाहीत.

दार उघडलं नाही हे मी बरोबर केलं. आजही तसंच करीन. मला जे झालं होतं ते अंगावर घेऊन तुम्ही घरी गेला असतात आणि काही कमीजास्त झालं असतं, तर अक्कांसमोर मी कशी उभी राहिले असते? याबद्दल मी माफी मागणार नाही. मागितली तर ती खोटी होईल.

पण तुम्ही भावकीत सांगितलंत की भावजयीने कडू घास कुत्र्यांना घातला. माझ्या कानावर आलं. ते खरं नाही, नाना.

तुमच्या गाडीचा आवाज गेल्यावर मी भिंतीला धरून गेटपर्यंत गेले. डबा घेऊन पायरीवर बसले, कारण आतपर्यंत जायचं बळ नव्हतं. पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. तोंडाला चव नव्हती तरी खाल्लं. रडले ते तेव्हाच, त्याआधी रडू आलं नव्हतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं. यांच्या ऑफिसची माणसं फोनवर हळहळली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, त्यांचंही चुकलं नाही. दारापर्यंत आलेले तुम्ही एकटे.

हे सांगायला मी बरी झाल्यावर फोन केला होता. तुम्ही उचलला नाही. पुन्हा केला. मग मलाही राग आला, आणि तो राग मी नीट सांभाळून ठेवला, जसं मी सगळंच ठेवते.

तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. सांगितल्यावर परत गेलात, त्याबद्दल त्याहून जास्त. आपल्या भावाच्या दारातून असं परत जाणं किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही गेलात म्हणून तुम्ही आहात.

मंजुषा


१९ जानेवारी २०२६

अक्का,

वाल्मीक काल सकाळी येऊन गेला. त्याने सांगितलं की नाना वाचता वाचता मध्येच थांबले, चष्मा खिशात घातला आणि कांद्याच्या वाफ्याकडे निघून गेले. उरलेलं नातसुनेने वाचून दाखवलं. तुम्ही रडलात म्हणे. नाना तेव्हापासून कोणाशीच धड बोलत नाहीत.

अगदी कुठे थांबले ते कळेल का? कुत्र्यांच्या आधी की नंतर? आधी थांबले असतील तर त्यांनी फक्त 'माफी मागणार नाही' एवढंच वाचलं असेल. मग सगळंच फुकट. मी ते वाक्य नंतर लिहायला हवं होतं.

त्यांनी उत्तर द्यावं असं माझं म्हणणं नाही. जेवतात ना नीट? तेवढं कळवा.

इथलं सगळं ठीक. सायलीला पोलीस आल्याचं कळलं. मी सांगितलं नव्हतं, स्नेहलने सांगितलं. सायलीचं लगेच सुरू झालं, आई, घर बंद कर आणि पुण्याला ये. मी म्हटलं, घर बंद करायला मी काय मेले आहे? शेवटी दाराला कॅमेरा लावायचा यावर तडजोड झाली. बेल वाजली की बाहेरचा माणूस मला मोबाईलवर दिसतो. वाल्मीक आता बेल वाजवायच्या आधी टोपी काढून, केस सारखे करून त्याच्यासमोर उभा राहतो. काल म्हणाला, "काकू, फोटू चांगला येतो का?" मी म्हटलं, पोतं खाली ठेव, मग चांगला येईल.

मेथी मिळाली. तुमच्या मेथीला माती फार असते. तीन पाण्यांनी धुतली.

नाना जेवतात का, ते कळवा.

मंजुषा


२६ जानेवारी २०२६, पहाट

अक्का,

झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले. नाना आत्ताच गेले.

तुम्हाला माहीत होतं का? वाल्मीक शपथ घेऊन सांगतो की अक्कांना माहीत नाही, नाना मळ्यात झोपायला जातो म्हणून निघाले आणि डांबरी रस्त्यावर येऊन त्याच्या गाडीला आडवे आले. तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. मळ्यात झोपायला कोणी धुतलेलं धोतर नेसून जात नाही.

मी झोपले होते. बेल वाजली. वाल्मीक आता उजेडी येतो, त्यामुळे ही बेल कोणाची ते कळेना. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तो आणायला उठले, आणि बाहेर खोकला ऐकू आला.

मी मोबाईल आणला नाही. बाहेरचा दिवा लावला नाही. कोण आहे म्हणून विचारलं नाही. वरची कडी काढली, खालची काढली, दार उघडलं.

नाना पायरीवर होते. अंगावर घोंगडी, हातात काठी. मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला.

"कोन हाय म्हनून इचारलं का?"

"नाही."

"त्यो क्यामेरा बघितला?"

"नाही."

"मंग? खोकला ऐकला अन् दार उघडलं? खोकला काय मलाच येतो? आख्खं कळवन खोकतंय थंडीचं! उद्या भलताच कोनी खोकून आत शिरला म्हंजे? अन् ही म्हनं रेक्टरीनबाई! दुसऱ्याच्या पोरींना शिकवत व्हती दार उघडू नका!"

शेजारच्या घरात दिवा लागला. नानांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. वाल्मीक गेटपाशी उभा राहून हसत होता. मी ऐकून घेत होते. माझ्या घरात मला इतकं कोणी रागावलं नव्हतं, हे गेल्यापासून तर नाहीच. मी म्हटलं, "नाना, रागवायचं ते आत येऊन रागवा. थंडी आहे."

त्यांनी पायरीकडे पाहिलं. "हितं बसून खाल्लं व्हतं?"

"इथेच."

चप्पल काढून ते आत आले. भिंतीवरच्या यांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मी पाणी आणलं. प्याले. मग खाली बसले, खुर्ची नको म्हणाले.

"मीठ कमी व्हतं का त्या पिठल्यात? मालननं घाईत केलं व्हतं. रस्ताभर मला तेच वाटत व्हतं."

"कमी होतं, नाना."

"मला वाटलंच." आणि ते हसायला लागले. हसता हसता घोंगडीत तोंड खुपसलं. मी स्वयंपाकघरात गेले. त्या वेळी तिथे थांबू नये एवढं मला कळतं.

पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या. वाल्मीकलाही आत बोलावलं. नानांनी पहिला घास मोडला आणि माझ्यापुढे धरला. "आज हातातून घे." मी घेतला.

मग बोलले ते सगळं शेतीचंच. कांद्यावर मावा पडलाय, पाटाला पाणी वेळेवर येत नाही. सायलीचा नवरा काय करतो ते तिसऱ्यांदा विचारलं, कारण दोनदा सांगूनही त्यांना कॉम्प्युटरचं काम पटेना. कुत्र्यांचं काही बोलले नाहीत. भावकीत मात्र स्वतः सांगतो म्हणाले, "मीच बोललो व्हतो, मीच मोडीन." तेवढं पुरे झालं.

मळ्याचं सोंग पहाटेआधी संपवायचं म्हणून त्यांना परतायचं होतं. इथल्या द्वारका चौकातून कळवणकडे निघालेली वाल्मीकच्या ओळखीची एक गाडी होती, तीत बसणार होते. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा, मी स्वतः बसमध्ये बसवून देते. तर म्हणाले, "मालन वाट बघत आसंल." म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी आधीच म्हटलं होतं.

अक्का, तुम्ही ते पोतं पाठवलं नसतं तर मी हे कागद लिहिले नसते आणि ते पायरी चढले नसते. तुम्ही नवऱ्याला न विचारता पाठवलंत. आयुष्यभर तुम्ही त्यांना विचारल्याशिवाय हळदीकुंकवालाही गेला नाहीत, हे मी पाहिलं आहे. माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते मला समजतं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून लिहून देते.

जाताना नाना बाहेर पायरीवर थांबले. मी दारात उभी, त्यांना गेटपर्यंत पोचवायला निघालेली. त्यांनी काठी आडवी धरली.

"बाहेर यायचं नाय. कडी लाव."

"तुम्ही गाडीत बसा, मग लावते."

"आधी लाव. आवाज आल्याबिगर मी हलनार नाय."

मी दार लावलं. खालची कडी लावली.

बाहेरून आवाज आला, "वरची?"

वरचीही लावली. तेव्हा कुठे पायऱ्यांवर काठी वाजली, मग गेट, मग गाडी.

तुमची
मंजुषा